मधली पायरी: रग्बी लीगचे नवे संघ आणि आपली कबड्डी

ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल रग्बी लीगमध्ये २०२७ ला पर्थ बेअर्स उतरणार, २०२८ ला पापुआ न्यू गिनीचा संघ. १७ चे १९ संघ होतील. विदर्भातल्या गावांत कबड्डीची पोरं घडवणाऱ्यांनी याकडे लक्ष द्यावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. तो खेळही पकडीचाच आहे. १३ जणांचा संघ, सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्याकडे. आणि संघ वाढले की खेळाडू आणायचे कुठून, या प्रश्नाला त्यांनी चुका करत करत उत्तर शोधलंय.

सिडनीकडे १७ वर्षांखालील हॅरॉल्ड मॅथ्यूज कप, १९ खालील एस. जी. बॉल कप, २१ खालील जर्सी फ्लेग कप अशा पायऱ्या आहेत. त्यानंतर लगेच मुख्य लीग येत नाही. मध्ये न्यू साउथ वेल्स कप आहे, क्वीन्सलंडकडे क्वीन्सलंड कप. क्लबचे ३० करारबद्ध खेळाडू असतात. त्या आठवड्यात मुख्य संघात ज्यांची निवड होत नाही, ते इथे खेळतात. म्हणून १९ वर्षांच्या पोराला तिशीतल्या कसलेल्या गड्याची पकड दर आठवड्याला अंगावर घ्यावी लागते. सगळी घडण इथेच होते.

मुख्य लीगचा सतरावा संघ म्हणजे ब्रिस्बेनकडचे डॉल्फिन्स. त्यांना लीगमध्ये उतरायचा परवाना ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळाला आणि मार्च २०२३ मध्ये ते पहिला सामना खेळले. सतरा महिन्यांत खेळाडू घडत नाही, फार तर विकत घेता येतो. तरी त्यांनी पहिल्याच सामन्यात सिडनी रूस्टर्सना २८-१८ हरवलं आणि हंगामाअखेर तेरावे आले. कारण त्यांच्यामागे १९४७ पासूनचा रेडक्लिफ क्लब उभा होता. मुख्य लीगमधल्याच मेलबर्न स्टॉर्म संघाच्या गावात तर रग्बी लीग रुजलेलीच नव्हती. त्यांनी क्वीन्सलंड कप खेळणाऱ्या ब्रिस्बेनच्या नॉर्थ्स डेव्हिल्सशी जोडून घेतलं आणि कॅमेरॉन स्मिथ, बिली स्लेटर, कूपर क्रॉन्क हे नामवंत खेळाडू तिथून वर आले. पापुआ न्यू गिनीचा हंटर्स संघ २०१४ पासून क्वीन्सलंड कप खेळतोय, २०१७ ला तो जिंकलाही. म्हणजे मुख्य लीगच्या चौदा वर्षं आधी मधली पायरी बांधली गेली.

आता आपल्याकडे. प्रो कबड्डी २०१४ ला आठ संघांनी सुरू झाली, २०१७ ला बारा झाले. चार नवे संघ म्हणजे मैदानात उतरणारेच २८ जण जास्तीचे लागले. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापेक्षा वेगळा उतरतो, म्हणजे निवडीचं दार आपल्यासाठी स्वतंत्र आहे. पण पोरगा त्या दारापर्यंत पोचत नाही. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. बारावी झाली की जो कॉलेजात गेला त्याला विद्यापीठाचे सामने मिळतात. जो वावरात राहिला त्याला दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि हिवाळ्यातले गावोगावचे सामने, तेही मातीवर. १८ ते २१ हीच घडायची वर्षं, आणि तीच रिकामी जातात.

निवड चाचणी मॅटवर होते आणि मातीतला चांगला कोपरारक्षक तिथे पहिल्याच दिवशी फसतो. मातीवर पाय थोडा सरकतो, घोटा पकड घेताना शरीर त्याच्याबरोबर जातं. मॅटवर बुटाची पकड घट्ट बसते, पाऊल जागीच राहतं आणि वळणारं धड सगळा पीळ गुडघ्यात उतरवतं. लिगामेंट, म्हणजे सांधा बांधून ठेवणारा पट्टा, फाटतो तो बहुतेक असाच. म्हणून पहिले दोन आठवडे खरी पकड घेऊच देऊ नये. बूट घालून थांबणं, दिशा बदलणं, दोन्ही पायांवर उतरणं, एवढंच. तिसऱ्या आठवड्यात चालत्या चढाईवर घोटा आणि मांडी पकड, पाचव्यापासून पूर्ण वेगात साखळी, म्हणजे हात धरून जोडीने पकड. घाई केली की पोरगा वर्षभर घरी बसतो.

मॅटचा खर्च ऐकून मंडळं मागे हटतात. पण बचावाच्या सरावाला पूर्ण मैदान लागतच नाही. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, अर्धं म्हणजे साडेसहा बाय १०. एक मीटरच्या चौकोनी तुकड्यांच्या सात ओळी, प्रत्येकी दहा, असे ७० तुकडे पुरतात. उरलेला अर्धा मीटर मध्य रेषेच्या पलीकडे ठेवावा. निदान रेषा मध्य रेषेपासून ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा तिच्यामागे एक मीटरवर येते. या रेषा जोडांवर बसत नाहीत, चिकटपट्टीने आखाव्या लागतात. खालची माती चोपून सपाट करावी, नाहीतर जोड उघडतात आणि बोटं अडकतात. कडेला माती भरून मॅटच्या उंचीला आणावी, नाहीतर बाहेर फेकला गेलेला पोरगा काठावर घोटा मुरगाळतो. उन्हाळ्यात मॅट उघड्यावर ठेवू नये. आपल्या उन्हात फोम आक्रसतो आणि मग तुकडे एकमेकांत बसत नाहीत.

कागदपत्रं जूनमध्येच तपासावीत. शाळेचा दाखला आणि जन्मदाखला यांतल्या तारखा जुळत नसतील तर चाचणीच्या आदल्या आठवड्यात काही होत नाही. कुमार गटाच्या वजनात बसवायला पोराचं पाणी तोडणं तर ताबडतोब थांबवा. गोळे येतात, चक्कर येते आणि चढाईत दम टिकत नाही. पुरुषांची मर्यादा ८५ किलो आहे, आपली बहुतेक पोरं तिच्या खूप खाली असतात. १८ नंतर वजन वाढवण्याकडे लक्ष हवं: जेवणात डाळ, अंडी, दूध आणि आठवड्यातून तीन दिवस बैठका व वजन उचलणं.

शेजारच्या दोन मंडळांनी ७०-७० तुकडे घेतले तर मिळून १४० होतात. १३० चं पूर्ण मैदान, दहा तुकडे बदलीला. अशी चार मंडळं एकत्र आली आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं ठरवलं, तर बारा सामने होतात, प्रत्येक संघाला सहा. त्यात १८ ते २१ वयाचे निदान तीन जण सातांत असलेच पाहिजेत, हा नियम आधीच लिहून घ्यावा. तुकड्यांच्या मागे मंडळाचं नाव आणि ओळ क्रमांक रंगाने टाकावा, म्हणजे सामना संपल्यावर ट्रॉलीत भरताना घोळ होत नाही.