डिटेक्टर इंग्लंडचा, वाळू काळबादेवीची

मे महिन्यात घरी यायचं म्हटलं की इंग्लंडात राहणाऱ्या कोकणी माणसाला एक फर्माईश हमखास येते: "सुनेची अंगठी समुद्रात गेली, तिकडून ते वाजणारं यंत्र आण." ते यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, इथे सहज मिळतं. दक्षिण किनाऱ्यावर शनिवार-रविवारी ते घेऊन फिरणारे लोकही दिसतात. पण इथल्या सेटिंगवर ते कोकणात चालवलं तर निराशाच पदरी पडते. आपलं सोनं वेगळं, वाळू वेगळी आणि पाऊसही वेगळा.

आधी सोन्याचं बघू. इंग्लंडात अंगठ्या बहुतेक ९ किंवा १८ कॅरटच्या, अमेरिकेत १४ च्या, आपल्याकडे २२ च्या. धातूतून वीज किती सहज वाहते आणि वस्तू केवढी आहे, यावर यंत्राच्या पडद्यावरचा आकडा ठरतो. २२ कॅरटमध्ये मिसळ कमी, म्हणून तेवढ्याच मापाच्या अंगठीचा आकडा वर सरकतो. इंटरनेटवरचे परदेशी तक्ते त्यामुळे आपल्याला लागू पडत नाहीत. त्यापेक्षा जोडीतली दुसरी अंगठी मागून घ्या, दोऱ्याला बांधून १० सेंटिमीटर खोल पुरा, दोऱ्याचं टोक वर मोकळं ठेवा आणि तिच्यावरून कॉइल (दांड्याच्या टोकाची चकती) फिरवून तो आवाज कानात बसवा. हे त्याच किनाऱ्यावर, त्याच ओल्या वाळूत करायचं. अंगणात केलेली चाचणी किनाऱ्यावर उपयोगी पडत नाही.

सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, गोळ्यांच्या पाकिटाचा पत्रा, कॅनची कडी यांचे आकडे नेमके अंगठ्यांच्या आकड्यांत मिसळतात. कचरा टाळायला सेटिंगमध्ये ॲल्युमिनियमचे आकडे बंद केलेत तर सोन्याचेही बंद होतात. फार तर लोखंड वगळा, बाकी प्रत्येक आवाजाला खणा.

दागिन्याचा घाटही महत्त्वाचा. पाटली, बांगडी, अखंड अंगठी म्हणजे बंद वर्तुळ. त्यात वीज गोल फिरते, म्हणून यंत्र जोरात बोलतं. अंगठी चिरलेली असेल किंवा जोडव्यासारखी उघडी असेल तर आवाज पडतो. सगळ्यात अवघड साखळी. यंत्राला ती सबंध दिसत नाही, सुटी सुटी कडी दिसते, आणि एवढ्याशा कडीचा आवाज लाटांच्या गोंगाटात विरून जातो. म्हणून मंगळसूत्र शोधायचं तर वाट्या शोधायच्या. काळे मणी काचेचे, ते वाजणार नाहीत. वाटी लागली की तिला ओढू नका, सर तुटलेला असू शकतो. आजूबाजूची हातभर वाळू घमेल्यात घेऊन बारीक चाळणीनं चाळा. बाजारातल्या स्कूपची, म्हणजे वाळू उपसायच्या भोकांच्या डावाची, भोकं अंगठीच्या हिशेबानं असतात, त्यातून मणी आणि कड्या निसटतात. नथीचं सोनं म्हणजे बारीकशी उघडी तार. ती कोरड्या वाळूत पडली असेल तर मी यंत्राआधी चाळणीच हातात घ्यायला सांगेन.

आता वाळू. तारकर्लीची पांढरी पुळण यंत्राला सोपी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या काळबादेवी, मालगुंड, पूर्णगडकडे वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांची काळी रेघ असते, आणि तिथे यंत्र जमिनीलाच धातू समजतं. जांभ्याचे खडेही तसाच चकवा देतात. त्यात ओल्या वाळूतलं मीठ वीज वाहून नेतं. एकाच फ्रिक्वेन्सीचं स्वस्त यंत्र अशा ठिकाणी अखंड किणकिणत राहतं. एका वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं यंत्र घ्या. पल्स इंडक्शनचं (विजेचे ठोके सोडणारं) यंत्र काळ्या वाळूत खोल बघतं, पण त्याला लोखंड वेगळं ओळखता येत नाही, म्हणजे होडीचे खिळे आणि मासेमारीचे गळही खणावे लागतात. धातू नसलेल्या जागी कॉइल वर-खाली करून आवाज स्थिर होईपर्यंत ग्राउंड बॅलन्स करायचा, म्हणजे जमिनीचा आवाज वजा करायचा. तरीही किणकिण राहिली तर सेन्सिटिव्हिटी कमी करा. हे उलटं वाटेल, पण काळ्या वाळूत शांत यंत्राला जास्त खोलचं ऐकू येतं.

वेळ तिथीवरून काढा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते: अष्टमीला साधारण सहा, तर ओहोटी बाराच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, आणि ओहोटीचं तळ सकाळ-संध्याकाळी साधारण सव्वापाचला. कमरेएवढ्या पाण्यात गेलेल्या अंगठीसाठी हीच ओहोटी गाठायची, तळाच्या दोन तास आधी उतरायचं आणि मागे सरकणाऱ्या पाण्याबरोबर जायचं. शोध मात्र पुढे ढकलू नका. वाळू पाण्याच्या अडीचपट जड, सोनं सतरा-अठरापट. प्रत्येक लाट वाळू सैल करते आणि अंगठी शिंपल्यांच्या किंवा घट्ट थरापर्यंत खाली बसत जाते. साधं यंत्र अंगठी जेमतेम वीतभर खोल ऐकतं. मेमध्ये हरवलेला दागिना जूनच्या आत शोधायचा, कारण पावसाळी लाटा किनारा कापून नेतात आणि दिवाळीच्या सुमारास वाळू परतते ती दागिन्याच्या वर.

हरवल्याक्षणी पहिलं काम जागा बांधणं. आपले मच्छीमार समुद्रात दोन खुणा एका रेषेत धरतात, तसंच करा: देवळाचा कळस एखाद्या माडाच्या रेषेत, आणि दुसऱ्या बाजूला अशीच आणखी एक जोडी. फोटो काढा, फोनवर पिन टाका. मग विचारा: पाणी कुठवर होतं, भरती चढती की उतरती, हाताची वाळू झटकली होती का? झटकलेली अंगठी दोन-तीन मीटर बाजूला पडते.

सुंभाने १० मीटरचा चौकोन आखा. कॉइल वाळूला समांतर, दोन बोटं वर, हळू. प्रत्येक फेरा मागच्यावर अर्धा चढला पाहिजे. चौकोन संपला की आडव्या दिशेनं पुन्हा, कारण कडेवर उभी राहिलेली अंगठी एका दिशेनं दुबळी वाजते. हातातल्या बांगड्या काढून ठेवा, फोन लांब, हेडफोन कानाला.

वेळास, आंजर्ले अशा ठिकाणी नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं भरतीरेषेच्या वर अंडी घालतात. तिथे कासवमित्रांना विचारल्याशिवाय कोरड्या वाळूत फावडं घालू नका. किल्ल्यांच्या आसपास तर यंत्र बाहेरच काढू नका. जमिनीत पुरलेला जुना ऐवज १८७८ च्या कायद्याखाली येतो: १० रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं.

घरी आल्यावर कॉइल, दांडा आणि स्कूप गोड्या पाण्यानं धुवा. कॉइलचं खालचं झाकण काढून आतली काळी वाळूही झटका. ती चिमूटभर राहिली तरी पुढच्या वेळी यंत्र रिकाम्या जागीही वाजत राहतं.