सी फॉर्म: तारकर्लीत परदेशी पाहुणे ठेवायचे तर

आमचं होमस्टे तारकर्लीला आहे, चार खोल्यांचं. परदेशी पाहुणा घ्यायचा विषय काढला की आमच्याकडे एकच सल्ला मिळतो, 'फॉरेनर घेव नको गो, पोलिसांचा लचांड मागे लागतला.' मग गोव्याहून वर येणारी जोडपी फोन करतात आणि खोल्या रिकाम्या असल्या तरी 'फुल आहे' असं सांगून मोकळं व्हायचं. मला ते पटत नव्हतं. मुंबई-पुण्याची मंडळी शनिवार-रविवारी येतात. परदेशी माणूस मंगळवारी उगवतो आणि आठवडाभर हलत नाही. आमच्या धंद्यात मंगळवार भरणं म्हणजे काय, हे ज्याच्या खोल्या आहेत त्यालाच कळेल.

हे लचांड म्हणजे सी फॉर्म. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की 24 तासांच्या आत त्याची माहिती एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, पोर्टलवर भरायची. पंचतारांकित हॉटेल असो की माडाखालच्या दोन खोल्या, नियम तोच. 1946 च्या परदेशी नागरिकांच्या कायद्यातच यजमानावर ही जबाबदारी टाकलेली होती. तो आणि आणखी तीन जुने कायदे जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून नवा कायदा लागू झाला, त्यातही ती कायम आहे. फॉर्मला पैसे पडत नाहीत.

वेळ जातो तो फॉर्म भरण्यात नाही, त्याआधी लॉगिन मिळवण्यात. ज्या जिल्ह्यात एफआरआरओचं कार्यालय नाही तिथे जिल्हा पोलीस अधीक्षकच हे काम बघतात. मी पोर्टलवर नोंदणीचा अर्ज केला. घरपट्टीची पावती, आधार आणि निवास-न्याहारी योजनेचं प्रमाणपत्र जवळ ठेवलं होतं. पुढे बरेच दिवस सगळं शांत. चौकशीला गेले तर या टेबलावरून त्या टेबलावर. एकाने तर 'परदेशी कशाला हवेत तुम्हाला?' असंही विचारून घेतलं. शेवटी एक हवालदार घर बघायला आले, खोल्या मोजल्या, कोकम सरबत घेतलं आणि म्हणाले, 'वहिनी, रजिस्टर मात्र नीट ठेवा.' त्यानंतर लॉगिन चालू झालं.

पहिलं जोडपं जर्मनीचं. पासपोर्टावरचं नाव, नंबर, दिलेली आणि संपण्याची तारीख, व्हिसाचा तपशील, भारतात कधी आणि कुठून आले, इथून पुढे कुठे जाणार, फोटो, हे सगळं भरायचं असतं. ई-व्हिसाचा स्टिकर नसतो. विमानतळावरचा शिक्का आणि त्यांच्या फोनमधली पीडीएफ, दोन्ही बघावं लागतं. शिक्क्याची शाई अशी पुसट की खिडकीपाशी नेऊन, वर मोबाईलची बॅटरी मारून तारीख लावली. त्यात नवऱ्याच्या आडनावात यूवर दोन टिंबं. पोर्टल ती घेईना. पासपोर्टच्या तळाला ज्या दोन बाणाबाणांच्या ओळी असतात, तिथे तेच नाव साध्या अक्षरांत, यूच्या पुढे ई लावून छापलेलं असतं. ते तसंच उतरवलं. आता मी आगाऊच पासपोर्ट आणि शिक्क्याच्या पानाचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवते, कारण रात्री वीज गेली की नेटही जातं आणि 24 तास काही थांबत नाहीत.

सवय झाल्यावर चहा उकळेपर्यंत एक फॉर्म होतो. म्हणूनच मला सरकारी धोरणाचं नवल वाटतं. वरच्या टोकाला दार सताड उघडं: ब्रिटिशांचा कोविडनंतर बंद असलेला ई-व्हिसा डिसेंबर 2022 मध्ये परत सुरू केला, बऱ्याच देशांना 30 दिवसांचा ई-व्हिसा एप्रिल ते जून 10 डॉलरला, एरवी 25 डॉलरला. (म्हणजे ऐन आंब्या-फणसाच्या दिवसांत स्वस्त, हे कोकणाच्या किती जणांना ठाऊक आहे?) जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आमचा सिंधुदुर्ग आहे. पण किल्ला बघून होडीने धक्क्याला परतलेल्या माणसाला रात्री खोली मिळेल की नाही, हे एका लॉगिनवर अडतं. ते कसं काढायचं हे होमस्टेवाल्यांना कुणी येऊन शिकवत नाही. 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झालेल्या जिल्ह्यात एवढं तरी तालुक्याच्या पातळीवर, एका दुपारच्या शिबिरात, सहज होण्यासारखं आहे.

त्या जर्मन जोडप्याचा फायदा आमच्या खोलीभाड्यापेक्षा इतरांनाच जास्त झाला. स्कूबावाला, रिक्षावाला, होडीवाला, आणि जिच्याकडचं बांगड्याचं तिखलं त्यांनी रोज मागून खाल्लं ती शेजारची काकू.

काकूंच्याही दोन खोल्या आहेत. त्यांचा अर्ज आता मीच भरून दिलाय. माझ्या लॉगिनवरून त्यांचे पाहुणे दाखवता येत नाहीत, माणूस झोपतो तिथलाच पत्ता लागतो. त्यांचं काम होईपर्यंत त्यांच्याकडे फोन करणारे परदेशी पाहुणे झोपायला माझ्याकडे आणि जेवायला त्यांच्याकडे, असं आमचं ठरलंय.