दोरीवरचे लंगोट

१२ डिसेंबर, रात्रीचे अडीच

या आठवड्यात शेतीची लाइन रात्रीची असल्यामुळे हे हरभऱ्याला पाणी द्यायला गेले आहेत, आणि त्यांच्या बॅटरीचा उजेड धुऱ्यापलीकडे दिसेनासा होतो न होतो तोच लेक जागी झाली. दूध पिऊन ती पुन्हा झोपली. माझी झोप मात्र उडाली, म्हणून वही उघडली. तिचा जन्म ४ जानेवारीचा, म्हणजे वर्ष भरायला जेमतेम तीन आठवडे उरले आहेत. ती सलग सहा तास झोपली अशा या वर्षातल्या रात्री बोटांवर मोजता येतील.

माहेरच्या पहिल्या तीन आठवड्यांविषयी लिहायचे मी आजवर टाळत आले. जन्मतः तिचे वजन २.७ किलो होते आणि पाचव्या दिवशी ते २.५ किलो भरले. पहिल्या दिवसांत बाळाचे वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्यातच ती संध्याकाळी सहापासून दहापर्यंत दर अर्ध्या तासाने पिण्यासाठी रडायची. बाजेखालची शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सगळे यथासांग चालू असताना भेटायला येणारी प्रत्येक बाई एकच निकाल देऊन जायची, की हिला दूध पुरत नाही. पंधराव्या दिवशी मीच भावाला सांगून पावडरच्या दुधाचा डबा आणवला. वाटी-चमच्याने ते पाजले की ती तीन-साडेतीन तास झोपायची आणि मीही झोपायचे. त्याची किंमत आठवडाभरात कळली. आधी दूध दाटून छाती दगडासारखी झाली आणि मग ते खरोखरच कमी होऊ लागले, कारण बाळ जितके ओढते तितकेच दूध तयार होते.

एकविसाव्या दिवसाच्या गृहभेटीला आशाताई, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्त्या, आल्या. डब्याकडे पाहून त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "दिवसभरात लंगोट किती ओले होतात?" मला सांगता येईना. वर्गातल्या चाळीस मुलांचे गुण तोंडपाठ असणारी मी शिक्षिका, पण ही नोंद माझ्याकडे नव्हती. मग त्यांनी तिला माझ्या छातीशी धरून दाखवले. नुसते टोक तोंडात जाऊन भागत नाही, भोवतालचा काळा भागही आत जावा लागतो, हनुवटी टेकावी लागते आणि घोट गिळल्याचा आवाज यावा लागतो. माझ्या स्तनाग्रांना पडलेल्या चिरा त्या चुकीच्या पकडीच्या होत्या. डबा बंद करून रात्रीचे पाजणे वाढवायला त्यांनी सांगितले, कारण दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक स्रवते. पुढचे दहा दिवस मी अक्षरशः बसून झोपले, पण दूध परत आले.

मार्चमध्ये सासरी आले आणि पुढे मे महिना आला.

यवतमाळ जिल्ह्यातला मे ज्याने काढला आहे, त्याला अधिक सांगायला नको. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, कुलर भणभणत असतानाच मध्यरात्री वीज जायची आणि मातीच्या भिंती दिवसभराची झळ परत टाकायला लागायच्या. चौथा महिना संपत असताना बाळाची झोप अशीही बदलते. एक आवर्तन सुमारे पन्नास मिनिटांचे असते आणि त्याच्या शेवटी बाळ हलके जागे होते, म्हणून ती प्रत्येक आवर्तनाला पूर्णच जागी व्हायची. झोळीत घातले की झोपायची, झोळी थांबली की डोळे उघडायची. मी ओल्या साडीचा पडदा खिडकीला बांधून हातपंख्याने वारा घालत बसायचे.

"इतल्या तपनात लेकराचा घसा सुकून राह्यला वं बाई, दोन चमचे पाणी पाजलं त काय बिघडते?" सासूबाईंचा हा प्रश्न दिवसातून तीनदा यायचा. त्यांनी चार लेकरे याच घरात वाढवली होती, तेव्हा त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार मला नव्हता आणि आजही नाही. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते, सहा महिन्यांपर्यंत कडक उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही, उलट इवलेसे पोट पाण्याने भरले तर दूध कमी जाते, हे मी समजावले. ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पाण्याची वाटी जागीच ठेवली. शेवटी मी आशाताईंचाच प्रश्न पुढे केला, कारण लंगोट पुरेसे ओले होत असतील तर तिच्या अंगात पाणी पुरते आहे हे त्यावरूनच कळते. दिवसात सहा लंगोट ओले झाले नाहीत तर मी स्वतः तिला उपकेंद्रात नेईन, असे ठरले. त्या दिवसापासून सासूबाई संध्याकाळी दोरीवरचे लंगोट मोजू लागल्या. पहिल्या दिवशी सात, दुसऱ्या दिवशी आठ. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याची वाटी उचलून फडताळात ठेवली आणि मला म्हणाल्या, "तूच पेत जा मंग पाणी, तांब्याभर." त्या उन्हाळ्यात मला मिळालेला तो सर्वांत उपयोगी सल्ला होता.

सहा महिने पूर्ण झाल्यावर पाण्याचा पहिला चमचा त्यांनीच पाजला. उष्टावणानंतर ज्वारीच्या पिठाची लापशी आणि तुरीचे मऊ वरण, मीठ-साखर न घालता, दोन-तीन चमच्यांपासून सुरू केले. या अळणीपणावर अजूनही आमचे एकमत नाही.

रजेचे १८० दिवस संपून मी जुलैत शाळेत रुजू झाले. काढून ठेवलेले दूध ती दिवसा वाटीतून थोडेसेच प्यायची आणि उरलेला हिशेब रात्री माझ्याकडून वसूल करायची. पोट गच्च भरले तर झोपेल या आशेने मी आठवडाभर तिला रात्री घट्ट खीर भरवून पाहिली. तिची शी घट्ट झाली, जागरणे तेवढीच राहिली. पावडरच्या डब्यानंतरची ही माझी दुसरी चूक, आणि दोन्हींचे मूळ एकच होते. ती जागी झाली की मी तिला उपाशी समजत होते. दिवसभर न दिसलेली आई रात्री तरी जवळ हवी, एवढेच बऱ्याचदा असावे. हे लक्षात आल्यापासून ती चुळबुळली की मी आधी नुसता पाठीवर हात ठेवते. कधी तेवढ्याने भागते, कधी नाही.

परवा अंगणवाडीत वजन ७.९ किलो भरले. आता लंगोट मोजायची गरज उरलेली नाही, तरी दोरीवरून ते काढताना सासूबाईंचे ओठ अजूनही हलतात.

शेताकडून मोटारीचा आवाज येतो आहे, म्हणजे लाइन अजून गेलेली नाही. हे परतायला पहाट होईल. ती मात्र आत्ताच कूस बदलते आहे.