माहितीच्या दलालांचीही नोंदणी व्हायला हवी

गेल्या वर्षी आईच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. ती मुलुंडच्या घरी परतल्यावर दहाव्या की अकराव्या दिवशी तिच्या मोबाइलवर फोन आला आणि पलीकडच्या मुलीने अगदी आपुलकीने विचारले, ‘‘आजी, उजव्या गुडघ्याचे टाके काढले का?’’ रुग्णालयातूनच चौकशी होते आहे असे समजून आईने सूज, झोप, चालू असलेली औषधे, सगळे मोकळेपणाने सांगून टाकले. पाच मिनिटांनी वॉकर आणि घरपोच फिजिओथेरपीच्या पॅकेजचा विषय निघाला, तेव्हा मी फोन हातात घेतला. नंबर कुठून मिळाला, असे विचारल्यावर ती मुलगी जराही गडबडली नाही. ‘‘मॅडम, आम्हाला वरून डेटा येतो, आम्ही फक्त कॉलिंग करतो,’’ एवढेच ती म्हणाली.

हे ‘वरून’ म्हणजे नेमके कुठून, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. रक्ततपासणीचा अर्ज, औषधांच्या दुकानात बिलासाठी सांगितलेला नंबर, मोबाइलमधील एखाद्या अॅपला न वाचता दिलेली परवानगी, असे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करायचे, ते एका नावापुढे एका ओळीत मांडायचे आणि त्या यादीची ‘लीड’ म्हणजे संभाव्य ग्राहक म्हणून विक्री करायची, असा हा माहितीच्या दलालांचा धंदा आहे. वस्तू एकदा विकली की विकणाऱ्याच्या हातून जाते. यादी मात्र दहा जणांना विकली तरी त्याच्याकडेच राहते. शिवाय आईने त्या दिवशी फोनवर जे सांगितले, तेही तिच्या ओळीत जोडले गेले नसेल कशावरून?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मात्र संमती घेण्याचे बंधन, माहिती खोडून मागण्याचा अधिकार अशा नागरिकाच्या उपयोगाच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. याच कायद्याने माहितीच्या अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये केलेली, वैयक्तिक माहिती नाकारणे सोपे करणारी दुरुस्ती मात्र लगेच अमलात आली. हा क्रम मला मान्य नाही.

तरीही माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. आपली कोणती माहिती वापरली जाते आणि ती आणखी कोणाकोणाला दिली गेली, हे विचारण्याचा अधिकार डेटा संरक्षण कायद्याचे कलम ११ देते. पण तो ज्याला आपण आधी संमती दिली आहे, त्याच्याविरुद्धच चालतो. रुग्णालयाला आई हे विचारू शकेल. ज्या दलालाचे नावही तिने कधी ऐकलेले नाही आणि ज्याला तिने संमती दिलेलीच नाही, त्याला विचारण्याची वाट या कलमात नाही. संमतीविना तिची माहिती वापरणे बेकायदा ठरेल हे खरे, पण तक्रार करायची तर निदान समोर कोण आहे हे तरी कळायला हवे. त्यातच, कायद्याच्या बंधनामुळे सार्वजनिक झालेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. घर खरेदीची नोंदणी झाली की सूची क्रमांक २ मध्ये घेणाऱ्याचे नाव, सदनिका आणि किंमत उघड असते. व्यवहारात फसवणूक होऊ नये म्हणून ती उघड असलीच पाहिजे. पण त्यावरून याद्या बनवून विकणे हा तिचा हेतू नव्हता, आणि हा फरक कायद्यात लिहिला जायला हवा.

अमेरिकेतील व्हर्मॉंट राज्याने २०१८ मध्येच माहितीच्या दलालांना सरकारदरबारी नोंदणी सक्तीची केली. कॅलिफोर्नियाने पुढच्याच वर्षी तसा कायदा केला आणि २०२३ मध्ये आणखी एक पाऊल टाकले: नागरिकाने एकाच ठिकाणी एकदा विनंती करायची आणि नोंदणीकृत सर्व दलालांनी त्याची माहिती काढून टाकायची. आपल्याकडे हे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. मुंबईत घर दाखवणाऱ्या एजंटालासुद्धा महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची, नोंदणी लागते, तो क्रमांक जाहिरातीत द्यावा लागतो, आता तर त्यासाठी परीक्षाही द्यावी लागते. घराचा दलाल नोंदणीशिवाय काम करू शकत नाही आणि त्या घरात राहणाऱ्यांच्या आजारपणाचा दलाल मात्र बिननावाने वावरतो, हे मला पटत नाही. नोंदणीबरोबरच, विकलेल्या प्रत्येक यादीसोबत ती मुळात कुठून आली याची नोंद पुढे देणे सक्तीचे केले, तर ‘वरून’ हे उत्तर कोणाला देता येणार नाही.

भरपाईचेही तेच. नव्या कायद्यात सुरक्षेतील हलगर्जीपणासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जमा होतो. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मागू देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३-अ मात्र हाच कायदा वगळतो. ते कलम वापरणे सोपे कधीच नव्हते. तरी ते काढताना त्याच्या जागी काही ठेवायला हवे होते.

आई आता अनोळखी नंबर उचलत नाही. मागच्या आठवड्यात रक्ताचा नमुना घ्यायला आलेला मुलगा सोसायटीच्या फाटकाशी उभा राहून तिला चार वेळा फोन करत होता. वॉचमनने इंटरकॉम लावेपर्यंत तो पुढच्या घरी निघून गेला होता, आणि उपाशीपोटी बसलेल्या आईला दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच बसावे लागले.