रामशेजवर उपाशी राहण्याचे नियम

डंजन्स अँड ड्रॅगन्सचं नवीन कॅम्पेन, म्हणजे रविवारमागून रविवार चालणारी एक गोष्ट, सुरू करायचं म्हटलं की गोष्ट कोणती खेळायची, हे चहा संपायच्या आत ठरतं. एडिशन, म्हणजे नियमांची आवृत्ती, कोणती, यावर मात्र अख्खा पावसाळा जातो. आमचाही गेला.

ज्यांना या भानगडीतलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. एक जण गोष्ट रचतो, त्याला डंजन मास्टर म्हणजे डीएम म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीत आपापलं पात्र घेऊन उतरतात. पात्र काय करू बघतंय ते खेळणारा सांगतो आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा सांगतो. फाशाच्या आकड्याचा अर्थ लावायला नियमांची पुस्तकं. गोम इथेच आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावी 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या तीन बारक्या पुस्तिका एका खोक्यातून बाहेर पडल्या, तेव्हापासून हे नियम सारखे बदलत आलेत. 1989 ला दुसरी एडिशन आली, 2000 ला तिसरी, 2003 ला साडेतीनवी, 2008 ला चौथी, 2014 ला पाचवी आणि 2024 ला हीच पाचवी पुन्हा रंगसफेदी करून. यातल्या साडेतीनला परदेशात लोक हसत असतील, पण साडेतीन मुहूर्त आणि साडेतीन शक्तिपीठं मानणाऱ्या माणसाला त्यात काय नवल? त्यातलं अर्धं पीठ तर आमच्याच जिल्ह्यात, वणीला.

तर आमचा अड्डा नाशिकच्या इंदिरानगरात, एका मित्राच्या घरी, रविवारी दुपारी. मित्राला स्वतःला खेळात रस नाही, तो आतल्या खोलीत मॅच बघतो. खेळतात त्या वहिनी. शिवाय एक सीए, सातपूरच्या कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारा एक मित्र आणि कॉलेजात जाणारा माझा भाचा. डीएम मी. पुस्तकं महाग, त्यामुळे आमच्याकडचं सगळ्यात जास्त हाताळलेलं पुस्तक म्हणजे पाचव्या एडिशनच्या मूळ नियमांची स्पायरल बाइंडिंग केलेली झेरॉक्स. हे नियम जानेवारी 2023 मध्ये परवान्यावरून मोठा गदारोळ झाल्यावर प्रकाशकांनी कुणालाही वापरायला मोकळे करून टाकले, त्यामुळे कॉलेज रोडच्या दुकानदाराने आम्हाला चारशे पानांची प्रत काढून देण्यात कसलंही पाप नाही. पोह्यांचे आणि मिसळीच्या तर्रीचे डाग आमचे.

गोष्ट रामशेजची घ्यायची हे लगेच ठरलं. नाशिककरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: पेठ रस्त्याने गेलं की आशेवाडीजवळ एक बुटका, बसकट डोंगर दिसतो, तो रामशेज. वनवासात प्रभू रामचंद्रांनी इथे विश्रांती घेतली म्हणून रामशेज, असं सांगतात. खालून बघितला तर हा किल्ला तासाभरात पडेल असं वाटतं. 1682 मध्ये औरंगजेबाच्या शहाबुद्दीन खानालाही तसंच वाटलं असणार. पाच-सहाशे मावळ्यांनी तो काही वर्षं झुंजवत ठेवला. वर तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या तोफा करून त्यांना कातडं मढवलं, ही गोष्ट आमच्याकडे शाळकरी पोरंही सांगतात.

खऱ्या इतिहासात जादूगार घुसडणं मला रुचत नाही. संभाजीराजांच्या काळाला वीस बाजूंचा फासा लावायची आमची छातीही नाही. म्हणून किल्ला तसाच, टाकी तशीच, कातळ तसाच. नाव वेगळं, राज्य वेगळं, काळ कुठलाच नाही. पण वेढा मात्र खरा हवा होता. वर पाच-सहाशे माणसं, खाली हजारोंची छावणी आणि मधे रोज उतरत जाणारी धान्याची कणगी. आणि कणगी मधे आल्याबरोबर एडिशनचा प्रश्न जेवणाच्या ताटात येऊन पडला.

कारण मी डीएम म्हणून एक साधी गोष्ट शोधायला बसलो: या खेळात माणूस उपाशी मरतो कसा?

2014 चं पुस्तक म्हणतं, माणसाला दिवसाला एक पौंड अन्न लागतं. अन्नाशिवाय तो तीन दिवस, अधिक त्याच्या काटकपणाचा जो आकडा असेल तितके दिवस काढतो. पुढे रोज थकव्याची एकेक पायरी चढायची आणि सहाव्या पायरीवर खेळ खलास. इथवर ठीक आहे. पण शेवटी एक भाबडा नियम आहे, की एक दिवस नीट जेवलं की मोजणी पुन्हा शून्यापासून. सीएने हा नियम वाचला आणि त्याच्या चेहऱ्यावर मार्चअखेरचं तेज आलं.

"म्हणजे तीन दिवस कडकडीत उपास, चौथ्या दिवशी जेवण, पुन्हा तीन दिवस उपास. कुणाला काही होत नाही. धान्य चौपट पुरतं. त्यांनी वर्षभर वेढा घातला तर आपण चार वर्षं काढू."

"उपासाला साबुदाणा चालेल का?" वहिनींनी विचारलं.

भाच्याने मोबाइलवर 2024 चे नियम काढले. तो नव्या पुस्तकाचा कट्टर. त्यात पाच दिवस काहीच खाल्लं नाही तर पाचव्या दिवसअखेर पहिली पायरी आणि मग रोज एक. गरजेच्या अर्ध्याहून कमी खाल्लं तर फासा टाकून नशीब बघायचं. "आणि बरोबर अर्धं खाल्लं तर?" सीएने विचारलं. भाचा बराच वेळ स्क्रीन वरखाली करत राहिला. काहीच नाही. बरोबर अर्ध्या शिध्यावर नव्या एडिशनमधला माणूस म्हातारा होईपर्यंत ठणठणीत राहतो. वेढ्याची सगळी गंमतच अर्ध्या शिध्यात असते. रोज थोडं कमी, भांडणं थोडी जास्त, कुणाच्या ताटात किती पडलं याकडे दुसऱ्याची नजर. तेच नेमकं नव्या पुस्तकात फुकट मिळतं.

मग सीएने आपलं लाडकं साडेतीन काढलं. त्याच्याकडे ते कधीकाळी पुण्याच्या एका मित्राकडून आलेलं आहे आणि तो ते कापडात बांधून ठेवतो. तिथे तीन दिवस असेच निघतात. चौथ्या दिवसापासून रोज फासा. पहिल्यांदा निदान दहाचा आकडा लागतो, दुसऱ्या दिवशी अकरा, मग बारा. फसला की अंगातली ताकद जाते आणि पोटात अन्न पडेपर्यंत ती कशानेही भरून येत नाही. विश्रांतीने नाही, मंत्राने नाही. हे वाचून सातपूरवाला पहिल्यांदाच मोबाइलमधून वर बघून म्हणाला, "हां, याला म्हणतात भूक."

साडेतीनमध्ये बाकी शंभर भानगडी आहेत. तिथे नुसतं एकाने दुसऱ्याला मिठीत धरून पाडायचं म्हटलं तरी पान उलटून बघावं लागतं आणि तोवर समोरचा गडी पळून गेलेला असतो. पण उपासमार त्यांना जमली होती, हे कबूल करायला पाहिजे.

आणि याच खेळाच्या 1981 च्या बेसिक आणि एक्स्पर्टच्या खोक्यांतली पुस्तकं? त्यांचा सूर असा, की अन्न संपलं तर काय होईल ते डीएमने ठरवावं. जास्त विश्रांती लागेल, चाल मंदावेल, वार चुकायला लागतील, हळूहळू जीव जाईल, अशा दोन-चार सूचना आणि विषय संपला. तरुण मंडळींना हे अंगावर येतं. "म्हणजे मामा, तू म्हणशील ते?" हो, मी म्हणेन ते. त्या काळात डीएमवर भरवसा टाकूनच खेळायला बसत. पुढच्या पुस्तकांची पानं वाढत गेली ती बरीचशी या भरवशाच्या जागा भरण्यासाठी, असं माझं मत आहे. त्याला पुरावा मागू नये.

एडिशन निवडताना लोक लढवय्याचा वार किती जोरात बसतो आणि जादूगार किती लवकर फुलतो ते बघतात. मला वाटतं, तिच्यात भीती कशाची आहे ते बघावं. काही एडिशनमध्ये अंधाराची भीती असते, कारण मशाली मोजाव्या लागतात; पाचवीत उजेडाचा मंत्र पहिल्या दिवसापासून फुकट, म्हणून अंधार गेला. काहींत मरणाची असते. 1981 मध्ये जीव मोजायचा आकडा शून्यावर आला की माणूस मेला. आता तीनदा फासा फसेपर्यंत माणूस धुगधुगी धरून असतो. आम्हाला भुकेची भीती हवी होती आणि ती कुठल्या दुकानात मिळते तेच आम्ही शोधत होतो.

इथे वहिनींनी बाँब टाकला. "पण मी ड्रुइड आहे ना."

ड्रुइड म्हणजे झाडापेडांची साधना करणारी. आणि ड्रुइडकडे गुडबेरी नावाचा पहिल्याच पातळीचा मंत्र असतो. हातात बांडगुळाची डहाळी धरायची, मंत्र म्हणायचा, तळहातावर दहा बोरं येतात. एका बोरात एका माणसाचं दिवसभराचं अन्न. झालं की! कसला वेढा आणि कसली कणगी. शहाबुद्दीन खानाने खाली बसून दाढी कुरवाळावी, वर सगळे बोरं खातायत.

माझी पहिली प्रतिक्रिया कुठल्याही डीएमची असते तीच होती, की हा मंत्र बंद. सीएची तीच. भाचा म्हणाला, नियमात आहे तर आहे. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भावजी, मी गडावर असताना माणसं उपाशी राहणार असतील तर मी ड्रुइड कशाला झाले? मग मी तलवारच घेते."

याला उत्तर नव्हतं. म्हणून मी गप्प बसून हिशेब केला. पहिल्या पातळीच्या, म्हणजे नवख्या, ड्रुइडला दिवसात असे दोनच मंत्र टाकता येतात. दोन मंत्र, वीस बोरं, वीस माणसं. गडावर सहाशे. बोरं चोवीस तासांत निकामी होतात, त्यामुळे साठवता येत नाहीत. आणि दोन्ही मंत्र बोरांत घातले तर त्या दिवशी जखमेवर टाकायला हाती काही उरत नाही.

मी हे वाचून दाखवलं. थोडा वेळ फक्त आतल्या खोलीतली कॉमेंट्री ऐकू येत होती.

"पहाटे त्यांनी शिड्या लावल्या तर?" सातपूरवाल्याने विचारलं.

"बोरं फेकून मारू," भाचा म्हणाला. पण कुणी हसलं नाही, कारण सगळे वीसचा विचार करत होते. वीस कोण? तटावर रात्रपाळी करणारे, की लेकुरवाळ्या? किल्लेदाराचं घर त्यात येतं का? पाचव्या पातळीवर पोचल्या की वहिनींकडे नऊ मंत्र होतील, म्हणजे नव्वद माणसं. तोवर बाकीच्यांनी काय करायचं? मी बंद करायला निघालो होतो त्या मंत्राने वेढा मोडत नव्हता, उलट त्याला धार येत होती. नुसती उपासमार सगळ्यांना सारखी असते. वीस बोरं आली की गडावर पंक्तिभेद आला. हे मला कुठल्याही एडिशनच्या डीएमच्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

त्यानंतर निकाल भराभर लागले. पाया 2014 चा, कारण झेरॉक्स त्याची आहे आणि हातांना तीच सवय आहे. भूक साडेतीनची, तो वाढत जाणारा आकडा आणि न भरणारी ताकद यांच्यासकट. 1981 मधून मोराल उचललं. सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. शिबंदीच्या धीराचा जो आकडा ठरला असेल त्याच्या वर बेरीज गेली तर माणसं कच खातात. पहिला गडी पडला की एकदा टाकायचे, निम्मे पडले की पुन्हा. पाचव्या एडिशनमधले आपण चार शूरवीर, पण उरलेले पाच-सहाशे साधी माणसं आहेत, त्यांच्यासाठी हा फासा पाहिजेच. 2024 मधून औषधाची बाटली झटकन पिता येते तेवढं घेतलं. ते आम्ही आधीपासून असंच खेळत होतो, नव्या पुस्तकाने आमच्यावर शिक्का मारला इतकंच. चौथी एडिशन कुणाकडे नाही, त्यामुळे तिच्यावर अन्याय झाला असेल तर होऊ दे.

भाच्याला हे खिचडी प्रकरण पसंत नव्हतं. "मग ही नेमकी कुठली एडिशन?" मी त्याला त्याच्याच आजोळची आठवण दिली. आमच्याकडे मेंढीकोट बंद हुकमाचा, शेजारच्या घरी कटहुकमाचा, आणि मे महिन्यात दोन्ही घरची पोरं एकत्र जमली की पहिला अर्धा तास पत्ते न वाटता फक्त नियमांवर भांडण. तिथे पुस्तकच नव्हतं. आजी म्हणेल तो नियम आणि आजी हरायला लागली की बदललेला नियम.

"म्हणजे तू आजी," तो म्हणाला.

असेन. सीएने सगळं एका कोऱ्या फुलस्केपवर लिहून काढलं, खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि ते पान झेरॉक्सच्या पहिल्या पानाआधी टाचलं. पुढच्या रविवारी पहिला डाव. राहता राहिला वीस जणांच्या यादीचा मुद्दा. सीए म्हणाला, फासा टाकून नावं काढू, म्हणजे कुणाची तक्रार नको. सातपूरवाला म्हणाला, पाळी लावा, शिफ्टसारखी. मी म्हटलं, यादी डीएम करेल.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "बोरं माझी आहेत. यादी मी करणार, आणि तिच्यात तुमच्या किल्लेदाराचं नाव नसणार."