थोडा प्ले पाहिजे

दुपारी जेवून जरा आडवा झालो, तेवढ्यात लाईट आली. पंखा फिरला, फ्रीज कण्हला आणि माशांच्या टाकीतलं तुटकं पान, जे सकाळपासून पंपापासून लांब जाऊन काचेला वळसा घालून येत होतं, ते सरळ पंपाच्या तोंडाकडे ओढलं जायला लागलं. पंप उलटा सुटला होता. उठलो, स्विच बंद केला, परत चालू केला. पान सुटलं. घरात हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. लाईट आली की जो टाकीजवळ असेल त्यानं पानाकडे बघायचं.

दुकानातून आणलेल्या पंपाला उलटसुलटाची फिकीर नसते. ही फिकीर मी लावली. बाजारातून आणलेली वस्तू आहे तशी वापरली तर मला ती आपली वाटतच नाही. टॉर्चला दोरी ओवल्याशिवाय, नव्या छत्रीच्या मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर चढवल्याशिवाय चैन पडत नाही. पंप तर दोनच वायरींचा, मुठीएवढा, १८ वॅटचा. त्याची धार म्हणजे पिचकारी. समोरच्या वाळूत खड्डा पडायचा आणि मागच्या कोपऱ्यातली घाण निवांत बसलेली. गप्पी मासे धारेत सापडले की थेट पलीकडच्या काचेवर.

समुद्री टाक्या ठेवणाऱ्यांनी यावर केव्हाच उपाय काढलाय. प्रवाळांना पिचकारी चालत नाही, सगळीकडून हलणारं पाणी लागतं. म्हणून पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं पाकळ्यांचं चाक, आणि वरचं झाकण काढायचं, तिथं खेळण्यातल्या बोटीचा प्रोपेलर बसवायचा. इम्पेलर पाणी मधोमध घेतो आणि कडेला भिरकावतो. तोंड अरुंद, त्यामुळे जोर. प्रोपेलर नुसता ढकलतो. वीज तेवढीच, पण थोडं पाणी जोरात जाण्याऐवजी पुष्कळ पाणी सावकाश सरकतं.

बेळगावच्या खडे बाजारातून बॅटरीवरची बोट आणली आणि घरातली पोरं झोपल्यावर तिचा प्रोपेलर काढला. बोट अजून माळ्यावर आहे, कुणी विचारलेलं नाही.

पंप उघडला की आत खडूच्या तुकड्याएवढं काळं चुंबक, त्याच्या मधून सिरॅमिकची पांढरी काडी आणि डोक्यावर सरळ पाकळ्या. बाहेर ओढताना चुंबक हाताला मागं खेचतं. पाकळ्या बोटानं फिरवा. थोडा वेळ त्या एकट्याच फिरतात, मग टक् करून चुंबक बरोबर येतं. बघणाऱ्याला वाटतं पार्ट झिजला. कुणीतरी शहाणा त्यात फेविक्विकचा थेंब सोडतो आणि पंप नुसता हुं हुं करत बसतो. कॉइलचं चुंबकत्व सेकंदाला ५० आवर्तनं घेतं आणि आतल्या चुंबकाला सुटल्या सुटल्या त्या तालात शिरायचं असतं, मिनिटाला ३००० फेऱ्यांनी. डोक्यावर पाण्याचं ओझं घेऊन ते जमत नाही. आधी थोडं रिकामं फिरायचं, मग ओझं उचलायचं. प्रोपेलर बसवताना हा प्ले, म्हणजे हा मोकळेपणा, तसाच राखावा लागतो, आणि प्रोपेलर जरा मोठा झाला तरी चुंबक तडफडतं, फिरत नाही.

कुठल्या बाजूला सुटायचं, हे चुंबक बंद होताना कसं थांबलं होतं आणि करंट नेमका कुठल्या क्षणी आला त्यावर. आमच्याकडे दुकानात ‘केवढ्याला?’ म्हणून विचारावं तर ‘इन्नूर ऐवत्तु’ म्हणून कानडीत उत्तर येतं, आणि कानडीत ‘एष्टु?’ म्हटलं की तोच माणूस ‘अडीचशे’ म्हणतो. पंपाचं तसंच, काय निघेल ते निघेल. सरळ पाकळ्यांना दोन्ही बाजू सारख्या. प्रोपेलरच्या पाकळ्या मात्र पिळलेल्या, उलट्या फिरल्या की पाणीही उलटं ओढतात.

कडोलीला आजोबांच्या विहिरीवर थ्री-फेजची मोटर होती. लाईनवाले डांबावर चढून काहीतरी दुरुस्त करून गेले की ती हमखास उलटी फिरायची. उलट्या फिरणाऱ्या पंपालाही पाणी येतं, पण मेलेलं. आजोबा पाईपच्या तोंडाशी पालथा हात धरायचे. “उलटं हाय,” म्हणायचे, आणि स्टार्टरच्या पेटीकडे निघायचे. मेन पाडायचे, फ्यूजच्या तिन्ही किटकॅट उपसून बंडीच्या खिशात टाकायचे. आपला हात आत असताना दुसऱ्या कुणी येऊन मेन उचलली तर? मग स्क्रू ढिले करून तीन वायरींतल्या दोन अदलाबदल. कुठल्या दोन, म्हणून मी विचारलं होतं. “कुठल्याबी.” त्या ‘कुठल्याबी’वर माझा कितीतरी वर्षं विश्वास बसला नव्हता. इतक्या मोठ्या मोटरीचा प्रश्न आणि उत्तर असलं बेफिकीर! खिशात चिनी मातीच्या त्या किटकॅट एकमेकींवर वाजायच्या, आणि आजोबा उसाच्या सरीत पाणी फिरवत हिंडले की आवाजावरून ते कुठं आहेत ते कळायचं. एकदा तर त्या बसवायच्याच राहिल्या होत्या आणि सगळे मोटरीला शिव्या देत होते.

माझ्या पंपाला अदलाबदल करून उपयोग नाही. दोन वायरी उलट्या लावल्या तरी तो मनात येईल तिकडंच जाणार.

प्रोपेलरचं भोक मोठं निघालं म्हणून आत बसवायला बुश, म्हणजे बारीक नळी, पाहिजे होतं. उद्यमबागेत मित्राचं लेथ आहे. तिथं फाउंड्रीचे कास्टिंग येतात, हायड्रॉलिकचे पार्ट बाहेर पडतात, आणि मी खिशातून पोराच्या बोटीचा प्रोपेलर काढला.

“काय करुलास रे हे?”

सांगितलं. तो हसला नाही, हे मला फार आवडलं. पितळेची सळी काढली. मी म्हटलं, पितळ नको, त्यात तांबं असतं, टाकीतल्या गोगलगायी मरतील. त्यानं सळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नायलॉनचा तुकडा शोधून लावला. दुधाच्या सायीसारख्या पांढऱ्या वेटोळ्या सुटत राहिल्या. पैसे घेतले नाहीत. शेजारच्या मशीनवरच्या माणसाला मात्र कानडीत काहीतरी सांगितलं आणि दोघं पोट धरून हसले. गोगलगाय एवढाच शब्द त्यात मराठी होता.

उलटं सुटू नये म्हणून आत अडसर बसवता येतो. चुंबक चुकीच्या बाजूला निघालं की अडसराला आपटतं आणि सुलट सुटतं. मित्रानं तेही करून देतो म्हटलं होतं. मी नको म्हणालो. का, ते त्याला पटेल असं सांगता आलं नसतं. अडसर बसला की परत दुकानातला पंप.

आता मागचा कोपरा स्वच्छ असतो. गप्पी पंपासमोर जाऊन प्रवाहाला तोंड करून उभे राहतात, शेपट्या हलवत. फक्त प्रोपेलरला पाणी वर चढवता येत नाही. टाकीच्या डोक्यावर स्पंजची पेटी आहे, तिथपर्यंत आधीचा पंप आरामात पाणी पोचवायचा. हा चार बोटंसुद्धा चढवत नाही. म्हणून पेटीसाठी वेगळा पंप आणला.

“आधी एकात भागत होतं न्हवं?” बायको म्हणाली.

होय की, भागत होतं. आता दोन आहेत. तिसरा ड्रॉवरमध्ये आहे, तो अजून उघडलेला नाही.