इनिशियल कमिट

रात्रीचे पावणेदोन. झोप येत नाहीये म्हणून लिहून काढतोय.

परवा वाचनालयाच्या साइटवर फाइलझिलातून, म्हणजे सर्व्हरवर फाइली चढवायच्या सॉफ्टवेअरमधून, हेडर चढवताना कॉन्टॅक्टची फाइल पण सोबत ओढली गेली, ओव्हरराइट करू का विचारलं तर न बघताच हो म्हटलं, आणि दादाची फाइल गेली. साइटला काही झालं नाही, फॉर्म चालतोय. फक्त फाइलच्या वर त्याने कॉमेंट टाकलेली, इथे हात लावू नये म्हणून, ती गेली. लक्षात आलं काल सकाळी, तोवर रात्रीचा बॅकअप होऊन गेलेला, म्हणजे बॅकअपमध्ये पण माझीच फाइल.

वहिनीला सांगितलं नाही.

मग आज बसलो आणि गिट लावलं, कुठल्या फाइलीत कोणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. रेपो, म्हणजे त्या नोंदींचा साठा, पब्लिक एचटीएमएलच्या, म्हणजे साइटच्या उघड्या फोल्डरच्या, बाहेर ठेवला, बेअर, म्हणजे नुसत्या नोंदींचा, कारण आत ठेवला आणि डॉट गिट फोल्डर बंद करायचं राहिलं तर कोणीही सगळा कोड उतरवून घेऊ शकतं. डेटाबेसच्या पासवर्डची फाइल आणि अपलोड्स डॉट गिटइग्नोरमध्ये टाकले, म्हणजे गिट ते धरत नाही. पोस्ट रिसीव्ह हुक नावाची छोटी स्क्रिप्ट लिहिली, पुश झालं, म्हणजे लॅपटॉपवरचे बदल सर्व्हरवर पाठवले, की फाइली आपोआप साइटच्या फोल्डरमध्ये उतरतात, तो हुक आधी चाललाच नाही, एक्झिक्यूटची परमिशन द्यायची राहिली होती. ती दिली आणि झालं.

मग गिट लॉग, म्हणजे कमिटांची, जतन केलेल्या नोंदींची, यादी बघितली. एकच ओळ. इनिशियल कमिट, ऑथर मी, तारीख आजची.

2009 पासूनची साइट. वाचनालयाचं एकेक पान त्याने केलेलं, पुस्तकांची यादी, वर्गणीचं पान, सगळं, आणि त्या लॉगप्रमाणे ते मी एकट्याने आज दुपारी केलं. बरं, सर्व्हरवर जाऊन बघतो तर सगळ्या फाइलींवर आजचीच तारीख, कारण गिट फाइलची जुनी तारीख जपून ठेवतच नाही, चेकआउट झालं, म्हणजे गिटने फाइल उतरवली, की त्या क्षणाची वेळ लागते. परवा एक फाइल घालवली, आज सगळ्यांच्या तारखा. खूप वाईट वाटलं. सगळं माझ्याच गळ्यात का येतं, हे शिकवायला तो का नाही, असलं काहीबाही डोक्यात येत राहिलं, वाचनालयातल्या कोणाला फोन करून काय सांगणार, त्यांना साइट दिसतेय ना, झालं.

चहा केला आणि मग आठवलं, फाइली खाली घेताना आरसिंकला, कॉपी करायच्या कमांडला, मायनस ए लावलेलं, त्याने जुन्या तारखा तशाच राहतात. म्हणजे माझ्या लॅपटॉपवरच्या कॉपीला तारखा आहेत. आहेत! इंडेक्स ओल्ड, इंडेक्स ओल्ड 2, इंडेक्स दिवाळी, इंडेक्स फायनल, इंडेक्स फायनल नको. अशा अकरा. गिट 2005 पासून आहे, टॉरवाल्ड्सने लिनक्सच्या कोडसाठी केलेलं, दादाला वापरता आलं असतं, पण त्याची पद्धत ही. काही बदलायच्या आधी कॉपी ठेवायची, कायम. आणि वेळा बघितल्या तर रात्रीचे दोन दहा, दीड, पावणेतीन. सकाळी सातची एसटी असायची त्याची.

मग पहिलं कमिट काढून टाकलं आणि नवीन रेपो केला. जुन्यात जुनी फाइल इंडेक्स म्हणून ठेवली, कमिट केली, तिच्यावर पुढची, परत कमिट, असं अकरा वेळा. गिटला ऑथर, म्हणजे लिहिणारा, आणि कमिटर, म्हणजे नोंद करणारा, वेगळे देता येतात, तारीख पण मागची देता येते. ऑथरला ईमेल लागतो. मेल कुठे जात नाही, नुसता लिहिलेला असतो, तरी त्याचा आयडी टाइप करताना हात थांबला. त्याचा लॅपटॉप वहिनीने अजून... असो.

आता लॉग फुलर करून, म्हणजे सविस्तर, बघितला की प्रत्येक कमिटला दोन नावं दिसतात. ऑथर दादा, रात्रीचे दोन दहा. खाली कमिट करणारा मी, आजची तारीख, आत्ताची रात्र.

कॉन्टॅक्टची फाइल शेवटी ठेवलेली. वर ती कॉमेंट परत टाइप केली, इथे हात लावू नये. हे कमिट मात्र माझ्याच नावावर केलं, कारण त्याने नेमकं एवढंच लिहिलेलं की पुढे अजून काही होतं, ते मला आठवत नाहीये.